वार्तापत्र पिट्सबर्ग : सुट्टीचाही ताण

अमेरिकेतल्या मुलांना सुट्टीचाही ताण येतो, हे बारामती-इंदापूरकडच्या वाचकांना पटकन पटायचं नाही. रॉस, निबलिंग आणि हेकर्ट या संशोधकांनी मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठात १०० विद्यार्थ्यांपुढे ताणाच्या ४० कारणांची यादी ठेवली होती. १९९९ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. सर्वांत जास्त मुलांनी खूण केली होती झोपेच्या बदललेल्या वेळांवर, आणि त्याखालोखाल सुट्ट्यांवर! वाढलेला अभ्यास त्यानंतर.

मला याचं मूळ इथल्या घरांत दिसतं. अठरा वर्षांचं झालं की पोरगं अनेकदा शेकडो मैल दूर वसतिगृहात जातं, अनोळखी मुलाबरोबर एका खोलीत राहतं, कपडे धुण्यापासून बँकेपर्यंत सगळं स्वतः बघतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आलं की पुन्हा ‘कुठं चाललास, कधी येणार’ सुरू. त्यात शिक्षणाचं कर्ज बहुधा त्याच्याच नावावर. सरकारी शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेले चार कोटींहून अधिक लोक या देशात आहेत.

ताण मोजायची जगभर चालणारी प्रश्नावली याच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९८३ची. सध्या जास्त वापरात आहे ती दहा प्रश्नांची. गेल्या महिन्यात सगळं हाताबाहेर गेलंय असं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘फार वेळा’ला चार, एकूण ४०. चार प्रश्न मुद्दाम उलट्या बाजूने विचारलेले, त्यांचे गुणही उलटे धरायचे. प्रश्नावली चोख आहे, पण ती ताण किती ते सांगते. कशाचा, हे विचारत नाही. त्यासाठी वेगळी यादी लागते, आणि ती ज्या त्या गावची असावी लागते.

अंथुर्ण्याहून बारामतीला बीएस्सीला येणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळची एसटी चुकली की प्रॅक्टिकल बुडालं. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की तेच. उसाचं बिल जमा झालं नाही म्हणून फीचा हप्ता थकलेला. होम्स आणि राहे यांच्या १९६७च्या, ताण देणाऱ्या घटनांच्या प्रसिद्ध यादीत लग्नाला ५० गुण आहेत. पण दुसऱ्या वर्षालाच स्थळं यायला लागली आणि एक विषय राहिला तर शिक्षण थांबणार, या धास्तीला किती गुण द्यायचे? तिचा भाऊ पदवी सांभाळून पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करतो. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. हे फार चांगलं झालं. मात्र नवे समुपदेशक आयती परदेशी यादी मराठीत उतरवून वाटतील, ही काळजी मला आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय असो, विद्या प्रतिष्ठान असो की इंदापूरचं महाविद्यालय, माझी कळकळीची विनंती आहे : आधी मुलांच्या हातात कोरा कागद द्या. या आठवड्यात जीव कशाने टांगणीला लागला, एवढंच लिहायला सांगा. त्यातून आपली यादी करा.

एक गोष्ट मात्र इथून जरूर घ्यावी. इथल्या १९७४च्या कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचे गुण त्याच्या संमतीशिवाय साधारणपणे आईवडिलांनाही दाखवत नाहीत. आपल्याकडे सर आणि वडील कारखान्यावर रोज भेटतात, पोरगी ते जाणून असते. म्हणून कागदावर नाव नको, गावही नको. वर्गशिक्षकांनी ते गोळा करू नयेत. पेटी ठेवावी, आणि ती समुपदेशकानेच उघडावी.