शब्दकोशातील उच्चाराच्या खुणा मुलांना शिकवाव्यात का?

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालतो. परवा एका पालकाने विचारले, "सर, शब्दकोशात शब्दापुढे ती उलटीसुलटी अक्षरे असतात, ती पोरांना शिकवता की नाही?" यावर शिकवणाऱ्यांतच दोन तट पडले. पोरांना २६ अक्षरेच जड जातात, त्यात हे नवे ओझे कशाला, असे एकाचे म्हणणे. आम्हीही पूर्वी याच मताचे होतो.

या खुणा १८८६ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्राच्या संघटनेने रूढ केल्या. इंग्रजीत अक्षरे २६, पण ब्रिटिश उच्चारात ध्वनी सुमारे ४४. 'डॉक्टर', 'टीचर', 'शुगर' यांचे शेवट तीन तऱ्हेने लिहितात, ब्रिटिश उच्चार मात्र एकच. कोशात तो उलट्या 'ई'ने दाखवतात, आणि तो म्हणजे जवळजवळ आपला 'अ'च! आपल्या पोरांच्या तोंडात तो जन्मापासून आहे.

मग उच्चार देवनागरीत लिहून दिला तर? बरेच काम भागते, पण जोर कुठे द्यायचा ते कळत नाही. आपण 'हॉटेल' म्हणताना 'हॉ' दाबतो, इंग्रज 'टेल' दाबतो. कोशात त्या 'टेल'आधी वर एक छोटी उभी रेघ असते.

आता मोबाइल शब्द बोलून दाखवतो, हे खरे. पण नववीच्या एका मुलीला आम्ही 'फोटोग्राफी' चार वेळा ऐकवला, चारही वेळा तिने 'फो'वरच जोर दिला. मग कोशातली रेघ दाखवली. पाचव्यांदा तिने 'फटॉग्रफी' बरोबर म्हटले. काय ऐकायचे ते कानाला आधी ठाऊक लागते.

लहान मुलांना खुणा नकोतच, त्यांना ऐकू द्या, बोलू द्या. आठवीपासून मात्र जोराची रेघ, उलटा 'ई' आणि दीर्घ स्वरापुढची विसर्गासारखी दोन टिंबे एवढे शिकवावे. सगळ्या ४४ पाठ करून घेऊ नयेत. साहेबी फाडफाड आम्हाला नको, समोरच्याला कळले की झाले. पण मुलाखतीत उच्चाराला हसले म्हणून पुढे तोंडच न उघडलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, शिकवणीची फी परवडत नाही, अशा मुलाला कोश उघडून आपला आपण उच्चार काढता आला पाहिजे.

खुणांचा तक्ता बहुतेक कोशांत सुरुवातीला किंवा शेवटी असतो. विहारातल्या कोशाचे नेमके तेच पान कोणीतरी फाडून नेले आहे! येत्या रविवारी दुसऱ्या कोशावरून तो तक्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून भिंतीला लावणार आहोत.