विश्लेषण : थंडीत फुलणारा बुटका डॅफोडिल घणसोलीच्या गॅलरीत येईल का?

दिवाळी सरली की ऑनलाइन बाजारात डॅफोडिलच्या कंदांच्या जाहिराती दिसू लागतात. वीतभर रोप, पिवळेधमक फूल आणि ‘कुंडीत सहज येते’ अशी हमी. घणसोली गावासारख्या दाट वस्तीत बाग म्हणजे गॅलरीची ग्रिल किंवा गच्चीचा कोपरा. तिथे एवढेसे रोप मोहात पाडणारच. प्रत्यक्षात मात्र अनेकांच्या कुंडीत पाने येतात, फूल येत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात कंद कुजून जातो. यात लावणाऱ्याच्या हाताला दोष देण्याचे कारण नाही. या कंदाचे पंचांगच आपल्यापेक्षा वेगळे आहे.

बुटका डॅफोडिल म्हणजे नेमके काय?

डॅफोडिल म्हणजे नार्सिसस या वंशातली कंदवर्गीय झाडे. आपल्याकडे ‘नर्गिस’ म्हणतात तेही यातलेच. पांढऱ्यात पिवळे अशा रंगसंगतीमुळे अंड्याच्या ‘नर्गिसी कोफ्त्या’ला याच फुलाचे नाव मिळाले. साधारण पाच सेंटीमीटरपर्यंत रुंदीचे फूल देणाऱ्या जातींना ‘मिनिएचर’ म्हणजे बुटके डॅफोडिल म्हणतात. ‘टेट-आ-टेट’ ही त्यातली सर्वांत लोकप्रिय जात. ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे ॲलेक ग्रे यांनी तयार केली.

भर हिवाळ्यात फुलणारे खरे बुटके डॅफोडिल मात्र वेगळेच. स्पेन आणि मोरोक्कोच्या डोंगरांत वाढणाऱ्या ‘कँटाब्रिकस’ आणि ‘रोम्यूक्सी’ या जाती डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलतात. त्यांची फुले घेरदार परकरासारखी दिसतात. हे कंद आपल्याकडच्या बाजारात सहसा दिसत नाहीत. त्यामुळे जाहिरातीतले छायाचित्र आणि पाकिटातला कंद एकच असेल, असे गृहीत धरू नये.

फूल का येत नाही?

पहिले कारण थंडी. विकत आणलेल्या चांगल्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते. तिचा दांडा लांबून ती वर येण्यासाठी बहुतेक पिवळ्या डॅफोडिलना १२ ते १६ आठवडे सलग चार ते नऊ अंश तापमान लागते. मुंबई परिसरात जानेवारीतले सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते. सांताक्रूझ वेधशाळेची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची, तीही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाची. म्हणजे मुंबईला क्वचितच अनुभवायला मिळणारा गारठा या कंदाला सलग तीन महिने हवा असतो.

पावसाळ्याशी याचा काय संबंध?

दुसरे कारण पाण्याचे, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. डॅफोडिल त्याच हिशेबाने जगतो : शरद ऋतूत मुळे फुटतात, हिवाळा-वसंतात फुले येतात आणि उन्हाळ्यात कंद कोरड्या मातीत झोपतो. घणसोलीचे चक्र बरोबर उलटे. एकेकाळी भातशेती आणि मिठागरे असलेल्या या खाडीकाठच्या गावात पेरणी जूनच्या पावसावर व्हायची आणि मीठ कोरड्या दिवसांत पिकायचे. डॅफोडिलचा कंद गाढ झोपेत असतो, नेमका तेव्हाच आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. भिजलेल्या मातीत झोपलेला कंद कुजणारच.

मग आपल्याकडे कोणता फुलेल?

‘पेपरव्हाइट’. ही नार्सिससची पांढरी, गुच्छाने फुलणारी, उग्र वासाची जात. तिला थंडीचा काळ लागत नाही, म्हणून उष्ण भागात तिच्यापासून सर्वाधिक आशा ठेवता येते. तिच्या जवळच्या नातलगाला चीनमध्ये मोठा मान आहे. फुजियान प्रांतातले झांगझोऊ हे किनारी शहर त्या कंदांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कंद बशीतल्या पाण्यात वाढवून चांद्र नववर्षाला फुलवले जातात. आपल्या गॅलरीत करायचा प्रयोग साधारण हाच. पेपरव्हाइट बुटकी मात्र नाही. तिची उंची दीड फुटापर्यंत जाते.

लावायची कशी?

* नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर, रात्री जरा गार होऊ लागल्या की लावा. फूल साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेला कंद संक्रांतीच्या सुमारास फुलू शकतो.

* कंद टणक आणि जड हवा. मऊ किंवा बुरशी आलेला घेऊ नका. बियांचे पाकीट टाळा. बीपासून फूल यायला काही वर्षे लागतात.

* पसरट भांड्यात गोटे भरून त्यावर कंद शेजारी-शेजारी बसवा. पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढेच. अर्धा कंद बुडाला तर तो सडतो.

* पहिले दहा-बारा दिवस गार सावलीत, मग भरपूर उजेडात ठेवा. गावठाणात इमारती खेटून असल्याने गॅलरीत ऊन थोडाच वेळ येते. अशा ठिकाणी गच्ची बरी. कळ्या आल्या की दुपारचे ऊन टाळा, म्हणजे फुले जास्त दिवस टिकतील.

* भांड्यातले पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण बदला आणि भांडे घासून घ्या. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

झाड उंच होऊन कोलमडले तर?

उबदार हवेत हे हमखास होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६मध्ये यावर साधा उपाय सुचवला. कोंब एक-दोन इंच झाले की साधे पाणी काढून चार ते सहा टक्के अल्कोहोलचे पाणी घालायचे. ७० टक्क्यांचे रबिंग अल्कोहोल एक भाग आणि पाणी १० ते ११ भाग, हे प्रमाण पुरते. झाड सुमारे एक-तृतीयांशाने बुटके राहते, फुलाचा आकार मात्र कमी होत नाही. बिअर किंवा वाइन वापरू नये. त्यातली साखर कंदाला बाधते.

पिवळाच हवा असेल तर?

फ्रिज हा एक मार्ग आहे. सप्टेंबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात १२ ते १४ आठवडे ठेवायचे आणि डिसेंबरात लावायचे. त्याच कप्प्यात केळी किंवा सफरचंद नको. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. एवढे करूनही दुपारच्या तिशीतल्या तापमानात फुले थोडेच दिवस टिकतात आणि तोच कंद पुढच्या वर्षी फुलण्याची शक्यता फारच कमी. खर्च एका हंगामाचा धरूनच करावा.

धोका कोणता?

हा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो. त्यातल्या लायकोरिन या द्रव्यामुळे उलट्या आणि पोटदुखी होते. फ्रिजमधल्या पिशवीवर ठळक नाव लिहा आणि ती भाजीपासून दूर ठेवा. लहान मुले, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर भांडेही उंचावर हवे. चुकून खाल्ला गेल्यास डॉक्टरकडे जाताना उरलेला कंद सोबत न्या. परदेशातल्या नातेवाइकांनी बॅगेतून कंद आणणेही टाळावे. अशा आयातीला २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू होतात.

आपल्या हवेतले पर्याय कोणते?

डॅफोडिलच्याच कुळातली काही झाडे कोकणच्या हवेत आनंदाने वाढतात. पहिल्या सरींनंतर फुलणारी गुलाबी-पांढरी रेन लिली वीतभरच वाढते. बुटक्या डॅफोडिलची हौस ती सर्वांत जवळून भागवते. हारांसाठी जिच्या कळ्या विकल्या जातात ती पांढरी स्पायडर लिली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठे लाल फूल देणारी अमरिलिस याच कुळातल्या. या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, पण इथल्या पावसाळ्याशी त्यांचे चांगले जुळले आहे. पाण्याचा निचरा नीट होत असेल तर त्या कुंडीतच वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांचे कंदही वाढत जातात. शेजाऱ्याकडून एक कंद मागून आणला तरी सुरुवात होते.