बिडाचा पाया, कागदाची धार

अमेरिकेत लाकूडकामाची जुनी यंत्रे हुडकणारे हौशी लोक बरेच आहेत, पण बहुतेकांची नजर करवतीवर, नाहीतर रंधायंत्रावर असते. काचकागदाने लाकूड घासणारा सँडर दिसला तर ते पुढे जातात. चांगल्या घडणीचा जुना सँडर त्यामुळे कधी कवडीमोलाने मिळतो, आणि पुष्कळदा मिळतच नाही. न मिळण्याचे कारण त्याच्या कामातच आहे. करवतीतून भुसा पडतो. सँडरमधून लाकडाची बारीक भुकटी निघते आणि तिच्यासोबत कागदावरचे खरखरीत कणही सुटतात. ही भुकटी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये शिरली की यंत्र स्वतःलाच आतून घासू लागते. काही वर्षांनी बिडाची बॉडी ठणठणीत आणि शाफ्ट ढिला अशी अवस्था होते. मग मालक त्याला भंगारात काढतो.

मिशिगनमधले ग्रँड रॅपिड्स हे फर्निचरचे शहर. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाने तिथल्या कारखान्यांचे नाव देशभर झाले. त्याच शहरात 1890 मध्ये जोसेफ ऑलिव्हर यांनी यंत्रांची कंपनी काढली. जुन्या सँडरचे एक घराणे हे. फर्निचरवाल्यांच्या बरोबरीने ऑलिव्हरचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे फौंड्रीचे पॅटर्नमेकर. बिडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. थंड होताना बीड साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. शिवाय साच्याची वाळू न ढासळता तो वर उचलता यावा यासाठी उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. हाताच्या रंध्याने हा उतार सगळीकडे सारखा राखणे फार जिकिरीचे. फिरत्या तबकडीच्या डिस्क सँडरचे टेबल दीड अंशावर कलवून पक्के केले, की तुकडा कसाही फिरवा, उतार तोच येतो.

आतल्या गोलाईसाठी स्पिंडल सँडर. कागद चढवलेला उभा दांडा गोल फिरतो आणि त्याच वेळी सावकाश वर-खालीही होतो. या दुहेरी चालीमुळे कागद एकाच पट्ट्यात झिजत नाही, लाकूड करपत नाही आणि आडव्या रेघा उमटत नाहीत. माझ्या मते जुन्या यंत्रांमध्ये याइतके देखणे काम करणारे यंत्र दुसरे नाही.

दुसरे घराणे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे. 1906 मध्ये पोर्टर आडनावाचे दोघे आणि केबल आडनावाचा एक, अशा तिघांनी 2,300 डॉलर घालून एक वर्कशॉप उघडले. त्यांच्या पोर्टर-केबल कंपनीत मुख्य इंजिनिअर असलेल्या आर्ट एमन्स यांनी 1926 मध्ये हातात धरून चालवायचा बेल्ट सँडर तयार केला. नाव ठेवले ‘टेक-अबाउट’. तोवर लाकूड उचलून यंत्राकडे न्यावे लागे. आता बसवलेल्या दारापर्यंत, जिन्याच्या पायरीपर्यंत यंत्रच जाऊ लागले. पुढच्या काळात आलेल्या 503 आणि 504 या अंगभर धातूच्या, जड मॉडेलना सुतार ‘लोकोमोटिव्ह’ म्हणतात. त्यांतली पुष्कळ अजून कामावर आहेत. ‘टेक-अबाउट’ मात्र क्वचितच नजरेस पडतो.

अशी यंत्रे मिळतात ती बंद पडलेल्या फौंड्र्यांच्या पॅटर्नशॉपमध्ये, नाहीतर सुतारकामाचा वर्ग बंद केलेल्या शाळांमध्ये. दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी जुनी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली, त्यामुळे त्याआधीची आणखी दुर्मीळ. युद्धकाळात बनलेल्या काही यंत्रांवर युद्ध उत्पादन मंडळाच्या आदेशानुसार बनवल्याची छोटी पाटी असते. ती कधीही उखडू नये.

यंत्र घेताना रंगाकडे बघू नये. डिस्क हाताने फिरवावी, कडेला डायल गेज लावून ती किती डुलते ते पाहावे, टेबलाच्या कलत्या सांध्यात तडा नाही ना हे बोटाने चाचपावे. पंधरा इंची डिस्क मिनिटाला 1750 फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटर होतो. तिथे थोडेसे डुलणेही लाकडावर लगेच दिसते. मोटरकडे विशेष लक्ष द्यावे. बऱ्याच डिस्क सँडरमध्ये मोटरचा रोटर आणि डिस्क एकाच शाफ्टवर असतात. वाइंडिंग जळाले तर बाजारातली दुसरी मोटर तिथे बसत नाही, तीच पुन्हा भरून घ्यावी लागते. त्यातून ती बहुतेकदा थ्री फेज असते आणि अमेरिकेत घरोघरी सिंगल फेज, म्हणून कन्व्हर्टरचा खर्च आलाच.

पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत बॉल बेअरिंगऐवजी बॅबिट असते. आयझॅक बॅबिट यांनी 1839 मध्ये पुढे आणलेला हा कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू. झिजलेले बॅबिट वितळवून काढतात. शाफ्ट बरोबर मध्यावर धरून त्याला ज्योतीची काजळी चढवतात, म्हणजे धातू चिकटत नाही. मग शाफ्ट आणि बेअरिंगची बैठक दोन्ही गरम करायची. ही पायरी गाळणे जिवावर बेतू शकते, कारण ओलाव्याचा एक थेंब राहिला तरी वितळलेला धातू अंगावर उडतो. पाइनची काडी वितळलेल्या धातूच्या पातेल्यात बुडवून काढली की ती तपकिरी व्हावी, पेटू नये. धातू ओतायचा क्षण तोच. ओतायचे ते एका दमात. निवल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचे आणि जिथे रंग उमटेल तिथे तासणीने खरवडायचे. हे खरवडणे अनेकदा करावे लागते आणि यंत्राची खरी दुरुस्ती तीच.

रंगाबाबत माझे मत कडक आहे. मूळ रंग टिकला असेल तर धुऊन ठेवावा. काढायचाच झाला तर कोरडा घासू नये, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. एका बाबतीत मात्र मूळ रूपाचा हट्ट सोडावा: धूळ ओढणारी नळी जरूर जोडावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

कोल्हापूर आणि बेळगावच्या वाचकांसाठी हा विषय परका नाही. लाकडी पॅटर्नवर या भागातल्या फौंड्र्या उभ्या राहिल्या आणि मोटर भरून देणारे कारागीर इथे गल्लोगल्ली आहेत. आता पॅटर्न कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापले जातात आणि जुनी पॅटर्नशॉप रिकामी होत आहेत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या शेडमध्ये कलत्या टेबलाचा जुना सँडर उभा असेल, तर तो किलोच्या भावाने जाण्याआधी त्यावरची पाटी पुसून वाचा, नाव आणि क्रमांक लिहून घ्या आणि मालकाला आठवडाभर थांबायला सांगा.