चरबीची शेपटी आपोआप चिकटते का?

पेशीतल्या कित्येक प्रथिनांना पामिटिक आम्लाची १६ कार्बनची शेपटी जोडलेली असते. ती पेशीपटलाच्या तेलकट थरात रुतते आणि प्रथिन तिथे टिकून राहतं. जोड होतो सिस्टीनमधल्या गंधकाशी. आता गंमत अशी, की परीक्षानळीत पामिटॉइल-कोएन्झाइम ए आणि प्रथिन एकत्र ठेवलं तर काही वेळा हा जोड विकराशिवायही होतो. मग विकर हवंच कशाला? शंका रास्तच होती. तिला उत्तर दिलं यीस्टने. २००२ मध्ये त्यात ईआरएफ२ आणि एकेआर१ ही शेपटी जोडणारी विकरं हाती लागली. एकेआर१ काढून टाकलं की वायसीके२ या प्रथिनाला शेपटी मिळत नाही आणि ते पटल सोडून पेशीद्रवात भटकतं. नळीतली रसायनक्रिया जिवंत पेशीत पुरी पडत नाही, हे यातून उघड झालं.

एकेआर१च्या घराण्यातलं विकर आधी स्वतःच्या सिस्टीनवर पामिटिक आम्ल घेतं, मग ते लक्ष्य प्रथिनाला देतं. माणसात अशी २३ विकरं आहेत. काहींची कामं अंशतः सारखी आहेत, तेव्हा एखादं गेलं तर काय बिघडलं, असंही विचारलं जातं. पण यातल्याच एका विकराच्या, एक्स गुणसूत्रावरच्या झेडडीएचएचसी९ जनुकात बिघाड झाल्यास मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता येते, कधी अपस्मारही. उरलेली २२ ती उणीव भरून काढत नाहीत. माझ्या मते या विकरांच्या गरजेचा याहून ठोस पुरावा दुसरा नाही. शिवाय ही शेपटी काढणारी विकरंही आहेत. एन-रास प्रथिन गॉल्जी या पेशीतल्या अंगकात शेपटी मिळवून पेशीच्या बाह्य पटलाकडे जातं, ती निघाली की पुन्हा गॉल्जीकडे वळतं.