पायाच्या नखांची बुरशी आणि उघड्या वहाणा

गोव्यात चवथीच्या दिवसांत घरोघरी उंबरठ्याबाहेर पादत्राणांची रास पडते. आरतीला आलेली मंडळी अनवाणी आत येतात, जमिनीवर मांडी घालून बसतात, वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतात. देवळात, लग्नमंडपात, गुरुपौर्णिमेला शाळेत हेच घडते. जेथे पाय इतक्या वेळा उघडे पडतात आणि पुढच्याच्या दृष्टीस येतात, तेथे अंगठ्याचे पिवळे पडलेले, जाड झालेले, कडेने भुगा होऊन गळणारे नख ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. असे नख असलेली गृहिणी पाय साडीच्या काठाखाली ओढून बसते. शिक्षक नमस्कारास वाकलेल्या विद्यार्थ्याला अर्ध्यावरच थांबवितो. कचेरीतील कर्मचारी भर उकाड्यात मोजे आणि बूट चढवून येतो. आणि हा शेवटचा उपाय तर नेमका रोगाच्या पथ्यावर पडतो.

नख म्हणजे केराटीन नावाच्या प्रथिनाचा टणक पत्रा. तो त्वचेखालच्या मुळातून तयार होतो आणि खालच्या मऊ गादीवरून हळूहळू पुढे सरकत राहतो. काही जातींच्या बुरशींचे खाद्यच केराटीन आहे. अंगावर गोल चट्टा उठविणारे गजकर्ण, पावसाळ्यात पायाच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांपैकी बऱ्याचशा आणि नखाची ही विकृती ही एकाच कुळातील भावंडे होत. बहुधा प्रारंभ चिखल्यांपासून होतो. बोटांच्या बेचक्यांत मुरलेली बुरशी नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि तेथून मुळाच्या दिशेने सरकू लागते. प्रथम कडेला पांढरट वा पिवळसर डाग दिसतो, पुढे नख गादीपासून सुटते, त्याखाली भुसा साचतो आणि नख जाड, वेडेवाकडे होते. हे सर्व घडण्यास अनेक महिने, कधी वर्षे लागतात. दुखत नसल्यामुळे तोवर कोणी लक्षही देत नाही.

हा रोग अस्वच्छतेचे लक्षण आहे, ही समजूत मात्र निराधार आहे. दिवसातून पाच वेळा पाय धुणारा परंतु एकदाही बेचक्या कोरड्या न करणारा मनुष्य, पाय कमी वेळा धुणाऱ्याच्या तुलनेत या बुरशीला अधिक सोयीचा ठरतो. बुरशीला मळ लागत नाही. तिला ओल आणि ऊब लागते. वाढते वय, पायांतील मंद रक्ताभिसरण, मधुमेह, नखाला वारंवार होणारी इजा आणि घरातील दुसऱ्या कोणाच्या पायांस झालेली बाधा ही तिला वाट करून देणारी इतर कारणे होत.

बंद बुटातील हवामान

नखांच्या बुरशीस कारणीभूत होणाऱ्या जातींत अग्रस्थान ट्रायकोफायटॉन रुब्रम या बुरशीचे आहे. तिचे प्रथम वर्णन इटालियन वैद्य आल्दो कास्तेल्लानी यांनी १९१० मध्ये केले. तिचा इतिहास बोधप्रद आहे. आग्नेय आशिया आणि पश्चिम आफ्रिकेतील अनवाणी वावरणाऱ्या लोकांत ती अंगावर गजकर्ण उठवीत असे. पायांचा रोग म्हणून ती फारशी ठाऊक नव्हती. त्या प्रदेशांत आलेल्या बूटधारी युरोपीय सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पायांत मात्र तिला मनाजोगे घर मिळाले आणि त्यांच्याबरोबर ती साऱ्या जगभर पसरली. घामाने भिजलेला मोजा आणि वारा न शिरणारा बूट यांत जे हवामान तयार होते, ते बुरशीच्या दृष्टीने बारमाही पावसाळाच होय. यास्तव खराब नख लपविण्यासाठी सँडल सोडून बूट धरणारा मनुष्य स्वतःच्या रोगाचे पालनपोषण करीत असतो. दिसण्याच्या संकोचाने ज्या उघड्या वहाणा टाळल्या जातात, त्या प्रत्यक्षात उपचाराचाच एक भाग आहेत.

गोव्यात वर्षाकाठी साधारणपणे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भातलावणीच्या दिवसांत स्त्रीपुरुषांचे पाय तासन्‌तास चिखलात असतात. मासळी विकणाऱ्या स्त्रिया, धक्क्यावरील कामगार, उपाहारगृहांतील भांडी घासणारे यांचे पाय वर्षभर ओले. लावणीपूर्वी पायांना मेंदी लावण्याची जुनी रीत आहे. तिने कित्येकांना चिखल्यांचा त्रास कमी वाटतो. परंतु नखात शिरलेल्या बुरशीपर्यंत मेंदी पोहोचत नाही आणि रंगलेले नख तपासणे डॉक्टरांस कठीण जाते, एवढे ध्यानात असावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाय मोकळे ठेवावेत याचा अर्थ शेतात गमबूट घालू नयेत, असा कोणी घेऊ नये. पाणथळ शेतात उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग प्राणघातक ठरू शकतो आणि त्यापासून गमबूट संरक्षण देतात. काम संपताच ते काढून आतून कोरडे करावेत, पाय धुऊन बेचक्या पंचाने टिपाव्यात आणि घरात व बाजारात उघडी पादत्राणे वापरावीत. शाळांनीही पावसाळ्यात मुलांना बुटांऐवजी सँडलची मुभा द्यावी, हे योग्य. मुलांच्या नखांना ही बुरशी क्वचितच लागते. एखाद्या मुलाच्या नखात ती आढळलीच, तर घरातील मोठ्या माणसांचे पाय पाहण्यास शिक्षकांनी पालकांना सुचवावे.

तपासणी आधी, औषध नंतर

खराब दिसणारे प्रत्येक नख बुरशीचे नसते. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. घट्ट बुटाने वर्षानुवर्षे चेपले गेलेले नख, सोरायसिस, ठेचेने साकळलेले रक्त, उतारवयात आपोआप येणारा जाडपणा यांमुळेही हुबेहूब तसेच रूप येते. नखात उमटलेली आणि रुंद होत चाललेली काळी रेघ तर क्वचित कर्करोगाचीही असू शकते. ती विनाविलंब दाखवावी. म्हणून नखाखालचा भुसा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही पहिली पायरी. ही परीक्षा साधी व स्वस्त आहे. आवश्यक वाटल्यास बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात निश्चित करतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात. तपासणीपूर्वी काही दिवस कोणतेही मलम वा नखरंग लावलेला नसावा.

औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणणे ही आपल्याकडील सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. खाज त्वरित थांबविणाऱ्या कित्येक मिश्रणांत स्टेरॉईड असते. त्याने लाली व खाज दबते, बुरशी मात्र फोफावते. या मलमांचा देशभर झालेला दुरुपयोग पाहून केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. अर्धवट व अनियमित उपचारांचा आणखी एक परिणाम म्हणजे नेहमीच्या औषधास न जुमानणाऱ्या बुरशीचे प्रकार भारतात वाढले आहेत. लिंबू, लसूण, माडाच्या सुरेचा विनागर हे घरगुती प्रयोग बहुधा निरुपद्रवी असतात. पण जाड नखाच्या खाली रुजलेली बुरशी त्यांनी निघाल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

रोग नखाच्या पुढच्या टोकापुरता आणि एकदोन बोटांत असेल, तर अमोरोल्फीन किंवा सायक्लोपिरॉक्स यांचा औषधी लेप नखावर लावतात. तो नेलपॉलिशसारखाच दिसतो, परंतु घासून पातळ केलेल्या, रंगविरहित नखावर कित्येक महिने नेमाने लावावा लागतो. रोग मुळापर्यंत गेला असल्यास पोटात घेण्याच्या गोळ्या लागतात. ग्रिसिओफल्व्हिन हे पहिले असे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. त्याने पायाची नखे सुधारण्यास वर्ष-दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागत. हल्ली टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे पायाच्या नखांसाठी १२ आठवडे आणि हाताच्या नखांसाठी ६ आठवडे देतात. ती यकृतास क्वचित अपाय करू शकते म्हणून आधी रक्ततपासणी करतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ती सहसा देत नाहीत. इट्राकोनॅझोल हे दुसरे औषध हृदय अशक्त असलेल्यांना वर्ज्य आहे आणि ते इतर अनेक औषधांत बाधा आणते. चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखविल्याविना यांपैकी काहीही सुरू करू नये.

बहुतेक रुग्णांची निराशा होते ती येथेच. बारा आठवड्यांच्या गोळ्या संपतात आणि नख तसेच कुरूप दिसत असते. औषध फसले असे समजून माणूस दवाखाना सोडतो. वस्तुतः मेलेले, विद्रूप झालेले नख औषधाने सुधारत नाही. ते फक्त पुढे ढकलले जाते व कापले जाते, आणि त्याच्या जागी मुळातून नवे नख यावे लागते. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे हाताच्या नखाच्या निम्म्या वेगाने वाढते. अंगठ्याचे संपूर्ण नख बदलण्यास १२ ते १८ महिने लागतात. गोळ्या थांबल्यावरही औषधाचा अंश नखात काही महिने टिकून काम करीत असतो. या उपचाराने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या नखांतून बुरशी निघून जाते. पूर्वीसारखे नितळ नख लाभणाऱ्यांचे प्रमाण याहून बरेच कमी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मधल्या काळातील वहाणा

मग हे वर्ष-दीड वर्ष कसे काढावे? नख सरळ रेषेत कापावे, कडा खोल कोरू नयेत. अंघोळीनंतर मऊ झालेले नख कानशीने वरून पातळ करावे; एवढ्याने त्याचे रूप निम्मे सुधारते आणि लेपही आत मुरतो. त्या बोटांसाठी नेलकटर व कानस स्वतंत्र असावी. रंगाने झाकणे पूर्णतः निषिद्ध नाही. लग्नकार्याच्या दिवशी नखरंग लावून दुसऱ्या दिवशी तो काढला तर बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे थरावर थर चढविणे मात्र ओल कोंडते आणि औषधी लेपाला वाटच ठेवत नाही. जोडवी घालणाऱ्या स्त्रियांनी ती काढून अथवा सरकवून खालची त्वचा रोज कोरडी करावी. वहाण अशी निवडावी की पट्टा बोटांच्या मुळांवरून जाईल पण अंगठ्यास घासणार नाही. पावसात चामड्याची चप्पल दिवसभर ओली राहते, तेव्हा धुऊन पुसता येणारी रबरी वा प्लॅस्टिकची सँडल बरी. दोन जोड आलटून पालटून वापरल्यास अधिक बरे. जुने बूट उन्हात वाळवावेत, मोजे गरम पाण्यात धुवावेत, आणि एकमेकांच्या स्लिपर घालण्याची घराघरांतील सवय तेवढी बंद करावी. चिखल्या दिसताच त्यांचा उपचार करावा. बऱ्या झालेल्या नखात बुरशी बहुधा त्या वाटेनेच परत येते, आणि तिचे परतणे विरळा नाही.

मधुमेही व्यक्तीसाठी मात्र हा दिसण्याचा प्रश्न उरतच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. जाड नख बुटाच्या आत शेजारच्या बोटात रुतत राहते, जखम होते आणि ती कळत नाही. बेचकीतील भेगेतून जंतू शिरतात, पाय सुजतो आणि कधी कधी बोट वा पाऊल गमवावे लागते. म्हणून अशा व्यक्तीने स्वतः नख खोल कापण्याचा खटाटोप करू नये, अनवाणी फिरू नये, आणि उघडी असली तरी टाचेला पट्टा असलेली, आतून मऊ वहाण वापरावी. दृष्टी मंद झालेल्या वृद्धांचे पाय घरातील कोणीतरी रोज उजेडात पाहावेत. पाय लपविण्याची सवय सर्वांत घातक ठरते ती येथे.

तपासणीसाठी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुढील सल्ल्यासाठी म्हापसे व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग आहेत. उपचार सुरू होताना निरोगी आणि रोगट नखाच्या सीमेवर डॉक्टर कधी कधी एक बारीक खाच करून ठेवतात. खाच पुढे सरकली आणि तिच्यामागे स्वच्छ नख दिसले, की औषध लागू पडले असे समजावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाईलवर नखाचे छायाचित्र काढून ठेवले तरी तेच काम होते. जूनमध्ये गोळ्या सुरू करणाऱ्याला त्या वर्षीच्या चवथीला नखाच्या मुळाशी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची स्वच्छ पट्टी दिसेल. औषध लागू पडले असेल, तर पुढच्या वर्षीच्या चवथीपर्यंत ती नखाच्या टोकाशी पोहोचलेली असेल.