कामातील ओळखी आणि वशिल्याची भीती

सचोटीने नोकरी करणाऱ्या माणसाला 'ओळखी वाढवा' असा सल्ला दिला, तर तो बहुधा नाखूष होतो. ओळख या साध्या शब्दाला आपल्याकडे वशिल्याचा वास चिकटला आहे. साहेबांच्या घरी दिवाळीचा फराळ पोहोचविणारे, सभेत पुढाऱ्यांच्या मागे उभे राहून छायाचित्रात येणारे लोक पाहिले, की सरळ माणूस चार हात दूर राहणेच पसंत करतो. त्याचा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु त्याची किंमत पुष्कळदा गावाला मोजावी लागते. नळयोजनेचा पंप बंद पडतो. शेजारच्या तालुक्यात हीच अडचण कशी दूर झाली, हे सांगणारा माणूस मात्र गावात कोणाच्याच परिचयाचा नसतो.

वास्तविक वशिला कोठे सुरू होतो, हे नियमांनीच सांगून ठेवले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार शासकीय कर्मचाऱ्यास आपल्या सेवाविषयक हितासाठी वरिष्ठांवर बाहेरचे वजन आणता येत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात वा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर तो अपात्र ठरू शकतो. या मर्यादेच्या अलीकडे जे विस्तीर्ण क्षेत्र उरते, तेथे माहितीची, अनुभवाची व सहकार्याची देवघेव करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

या संकोचाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. कॅशियारो, जिनो व कूचाकी या तीन संशोधक महिलांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना, स्वतःच्या लाभासाठी आपण कोणाशी कशी ओळख करून घेतली, हे आठवावयास सांगितले. नंतर त्यांना अक्षरे गाळलेले शब्द पुरे करावयास दिले. या लोकांनी स्नान, साबण अशा अर्थाचे शब्द इतरांपेक्षा अधिक वेळा भरले; जणू मनाला अंग धुऊन घ्यावेसे वाटत होते. उच्च पदावरील व्यक्तींत ही भावना कमी आढळली. आपल्याजवळही समोरच्यास देण्यासारखे काही आहे, असे ज्याला वाटते त्याला ओळख करून घेण्यात मिंधेपणा वाटत नाही, असे याचे एक कारण सांगता येईल. देण्यासारखे म्हणजे पैसा वा अधिकारच असे नव्हे. कोणत्या शिवारातील विहिरी केव्हा आटतात, हे नेमके ठाऊक असणारा पंचायत सदस्य भूजल अधिकाऱ्याला अतिशय मोलाचा असतो.

ओळखी कोणाशी असाव्यात, याबाबत मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा निबंध महत्त्वाचा आहे. परिचितांमार्फत नवी नोकरी मिळविलेल्यांना त्यांनी विचारले, की तो परिचित तुम्हांला कितीदा भेटत असे? वरचेवर भेटणारा असे सांगणारे शेकडा १७ च्या आसपास होते. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा, असे बाकीच्यांचे उत्तर होते. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. नवी माहिती दूरच्या परिचिताकडून येते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपल्याच शाळेच्या सहकाऱ्यांशेजारी बसून परत येणारा शिक्षक काय गमावतो, हे यावरून ध्यानात येईल.

दूरच्या परिचयातून केवढे काम उभे राहू शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. प्रवरा कालव्याच्या परिसरातील लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले होते. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी सुरू केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे नामांकित अर्थतज्ज्ञ. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे भरलेल्या कालव्यांवरील बागाईतदारांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना ही कल्पना तेथे पुढे आली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी विखे पाटलांनी भागभांडवल जमवीत गावे पालथी घातली. मुंबई प्रांतिक सहकारी बँकेत दीर्घकाळ काम केलेले वैकुंठभाई मेहता त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते. त्यांचेही पाठबळ लाभले. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस गळीत सुरू झाले.

या तिघांची क्षेत्रे सर्वस्वी भिन्न होती. एकाजवळ गावकऱ्यांचा विश्वास, दुसऱ्याजवळ अर्थशास्त्राचे ज्ञान, तिसऱ्याजवळ सहकारी बँकेचा अनुभव व शासनाचा अधिकार. कोणीही दुसऱ्याचे सोंग घेण्याची गरज नव्हती. किंबहुना विखे पाटलांनी अर्थशास्त्राची भाषा उसनी घेतली असती, तर त्यांचे मोल कमीच झाले असते. शिवाय शेतकरी त्यांच्या हाती पैसे देत होते, त्यामागे दोन तपांहून अधिक काळ डोळ्यांसमोर चाललेला पतपेढीचा कारभार होता. असा विश्वास एखाद्या परिषदेतील चहापानाच्या वेळी निर्माण होत नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सर्वांचे दूरध्वनी क्रमांक घेतले जातात, भ्रमणध्वनीवर एक गट तयार होतो आणि पुढे त्यावर केवळ सुप्रभातचे संदेश येत राहतात. त्याऐवजी दोघातिघांना आपल्या कामातील नेमका प्रश्न विचारावा, आणि मिळालेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे त्यांस कळवावे. सल्ला फसला असेल तर तेही सौम्यपणे कळवावे. हा शेवटचा भाग बहुतेकजण विसरतात. सल्ला देणाऱ्याला मात्र त्याचेच अगत्य असते. कोणी मदत मागितली आणि ती आपल्या अधिकारात नसेल, तर तसे त्याच दिवशी सांगावे. 'बघू' या शब्दाने जितक्या ओळखी बिघडल्या असतील तितक्या स्पष्ट नकाराने खचित बिघडल्या नसतील. मनमोकळेपणा म्हणजे कार्यालयातील गोपनीय गोष्टी उघड करणे नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

बदलीच्या वेळी ही सारी जुळणी बहुधा मोडते. कार्यभार सोपविताना नस्त्या, किल्ल्या व जडवस्तूंची यादी काटेकोरपणे दिली जाते. परंतु कोणत्या गावचा पंपचालक दुरुस्तीची खरी हकिकत सांगतो, बँकेतील कोणता अधिकारी बचतगटांची प्रकरणे आस्थेने पाहतो, हे नव्या माणसाला स्वतःच शोधावे लागते आणि त्यात वर्ष निघून जाते. जाणाऱ्या अधिकाऱ्याने एक दिवस अधिक थांबून येणाऱ्यास सोबत घेऊन चार गावांना भेट दिली, तर त्याला ही माणसे पहिल्याच आठवड्यात भेटतील.