डिझेलला टिकणारे रबर

पंचगंगाकाठचे पंपाचे इंजिन असो वा शेतातील ट्रॅक्टर, जोडातून डिझेल झिरपू लागले की नट आणखी आवळला जातो. पुष्कळदा दोष नटाचा नसून आतील वॉशरचा असतो. झाडाच्या चिकापासून केलेले नैसर्गिक रबर चिवट खरे; परंतु डिझेल व वंगण शोषून ते फुगते, मऊ पडते आणि जोड सैल होतो.

अशा ठिकाणी नायट्राइल हे कृत्रिम रबर योग्य होय. १९३०च्या दशकात जर्मनीत ते तयार झाले. ब्युटाडाईन व ॲक्रिलोनायट्राइल या दोन रसायनांपासून ते बनते. दुसऱ्याचे प्रमाण वाढविले की तेलास ते अधिक टिकते, मात्र थंडीत लवकर ताठर होते. ऑइल सील, ओ-रिंग व इंधनाच्या नळ्या यांसाठी ते वापरतात. सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता ते सोसते. ऊन मात्र त्यास मानवत नाही. सुटे भाग उन्हात टांगून ठेवल्यास त्यांना भेगा पडतात.

ऊसपट्ट्याशीही या विषयाचे नाते आहे. मळीपासून मद्यार्क व मद्यार्कापासून ब्युटाडाईन करता येते. याच मार्गाने बरेली येथे १९६३ साली टायरच्या उपयोगाचे कृत्रिम रबर बनू लागले. आज ब्युटाडाईन प्रामुख्याने खनिज तेलापासून मिळते.

उद्यमनगरातून वॉशर आणताना पंचाईत होते, कारण दोन्ही रबरे काळीच दिसतात. एक जादा वॉशर घेऊन तो दिवसभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावा व नव्या वॉशरशी ताडून पाहावा. बराच फुगला असल्यास तो इंधनाच्या जोडास लावू नये.